विकेटमध्ये बेसपेज, साइडबार आणि छपाईचं पान: लेआउट एकदाच बांधून सगळीकडे कसा वापरावा?

सांजवारा

नमस्कार मंडळी,

पतसंस्थेच्या सभासदांसाठी एक पोर्टल आहे. अपाची विकेट ९ (जावात वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क), जावा १७, साधारण ४० पानं. हेडर, मेनू आणि फूटर एकाच जागी राहावेत म्हणून बेसपेज केलं आणि बाकीची पानं त्यातून एक्स्टेंड केली. त्यापुढे चार ठिकाणी गाडी अडली आहे. (कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.)

१. बेसपेजच्या मार्कअपमध्ये, म्हणजे एचटीएमएलमध्ये, मधल्या भागासाठी एक डिव्ह आहे. त्याचा सीएसएस क्लास पानागणिक बदलायचा म्हणून त्याला विकेट:आयडी="मेन" दिला आणि जावात त्याच नावाचा वेबमार्कअपकंटेनर (इतर कंपोनंट, म्हणजे पानाचे जावातले सुटे भाग, पोटात घेणारा कंपोनंट) ॲड केला. विकेट:चाइल्ड (पोटपानाचा मजकूर जिथे येतो ती जागा) त्या डिव्हच्या आत आहे. सभासदाच्या पानात, म्हणजे मेंबरपेजमध्ये, "नाव" आयडीचं लेबल ॲड केलं की मार्कअपएक्सेप्शन येतो: मेनमध्ये "नाव" सापडत नाही. त्याच्याखाली 'एक्स्पेक्टेड'पुढे मेन:नाव आणि 'फाउंड विथ सिमिलर नेम्स'पुढे नुसतं नाव. म्हणजे कंपोनंट आहे, पण विकेटला तो हवा तिथे मिळत नाही.

२. डावीकडचा साइडबार प्रत्येक पानाचा वेगळा. बेसपेजच्या कन्स्ट्रक्टरमधून न्यूसाइडबार(आयडी) ही ॲबस्ट्रॅक्ट मेथड बोलावली आहे. मेंबरपेजमध्ये ती लिहिली, तर आत मेंबरआयडी हे फील्ड नल (रिकामं). मेंबरपेजच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ते व्यवस्थित भरलेलं आहे.

३. मधल्या मजकुराखेरीज वर उजवीकडे बटणांची पट्टी हवी, तीही पानाप्रमाणे वेगळी. दुसरा विकेट:चाइल्ड टाकून पाहिला, जमलं नाही.

४. पावती छापायच्या पानावर मेनू, साइडबार, फूटर काहीच नको. सध्या पाच कंपोनंटवर सेटव्हिजिबल(फॉल्स) करून भागवलं आहे.

मुळात कुठल्या कामाला इनहेरिटन्स (एक्स्टेंड करणं), कुठल्याला पॅनेल (स्वतःची एचटीएमएल असलेला कंपोनंट) आणि कुठल्याला बॉर्डर (आतला ऐवज बाहेरून घेणारी चौकट), हा ठोकताळा हवा आहे.

कोडगाठ

पहिल्या तिन्ही अडचणींचं मूळ एकाच जागी आहे. विकेटमध्ये दोन झाडं असतात, एक मार्कअपचं आणि एक जावातल्या कंपोनंटचं, आणि दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसावी लागतात. लेआउट बांधताना आपण दोन्ही झाडांचे वरचे मजले बेसपेजमध्ये रचतो आणि खालचे मजले पोटक्लासवर सोडतो. खालचा कंपोनंट कुणाच्या पोटात जाणार आणि तो कधी तयार होणार, हे दोन प्रश्न सुटले की लेआउट सुटला.

पहिली अडचण. मार्कअप सांगतं की "नाव" हे मेनच्या आत आहे. जावात मात्र मेंबरपेजने ते थेट पानाला ॲड केलं, म्हणजे मेन आणि नाव भावंडं झाली. एररमधल्या 'एक्स्पेक्टेड' आणि 'फाउंड' या दोन ओळी नेमकं हेच सांगतात. त्या ओळी नीट वाचायची सवय लावा, विकेटच्या निम्म्या एररचं उत्तर तिथेच असतं. सोडवायच्या वाटा तीन:

पहिली वाट, मेनचा विकेट:आयडी काढून टाकायचा. डिव्ह साधा एचटीएमएल होतो आणि विकेट:चाइल्डच्या वर कुठलाच कंपोनंट उरत नाही. पानागणिक बदलणारा क्लास बॉडी टॅगवर द्यायचा आणि सीएसएसमध्ये ".मेंबर .मेन" असं लिहायचं. तुमच्या कामाला हीच वाट पुरेशी आहे.

दुसरी वाट, वेबमार्कअपकंटेनरऐवजी ट्रान्सपरंटवेबमार्कअपकंटेनर. आतला टॅग समोर आला की हा कंटेनर "माझ्याकडे हे नाही, माझ्या पालकाकडे पाहा" असं सांगतो, आणि पानाला थेट ॲड केलेलं लेबल सापडतं. बॉडी टॅगला आयडी देऊन क्लास जोडायचा असेल तर हाच वापरा: आयडी "बॉडी", त्यावर ॲट्रिब्यूटमॉडिफायर.अपेंड("क्लास", मॉडेल). मॉडेल म्हणजे कंपोनंटला माहिती पुरवणारं ऑब्जेक्ट. फक्त एक लक्षात ठेवा. मार्कअपमध्ये आत दिसणारे कंपोनंट त्याची मुलं नसतात, ती पानाची मुलं असतात. त्यामुळे या कंटेनरवर सेटइनेबल्ड(फॉल्स) केलं तरी आतली बटणं चालूच राहतात, कारण विकेट वर चढताना जावातला पालक पाहतो. एजॅक्सने, म्हणजे पूर्ण पान न बदलता, ताजं करायलाही हा कंटेनर देऊ नका. त्यासाठी पोटपानातच एक खरा कंटेनर ठेवा, सेटआउटपुटमार्कअपआयडी(ट्रू) करा आणि तो टार्गेटला (एजॅक्सने बदलायच्या कंपोनंटच्या यादीला) द्या.

तिसरी वाट, विकेट ७ पासून असलेलं क्यू(). पोटपानात ॲड() ऐवजी क्यू() म्हटलं की विकेट मार्कअप पाहून कंपोनंट योग्य पालकाच्या पोटात घालतो. इथे "नाव" खरोखरच मेनचं मूल होतं, म्हणून मेन लपवला की तेही लपतं. अट अशी की रांगेत असेपर्यंत कंपोनंटला पालक नसतो. तेवढ्या वेळात त्याच्यावर गेटपेरंट() किंवा गेटपेज() वर विसंबणारा कोड चालवू नका.

दुसरी अडचण जावाची आहे, विकेटची नाही. न्यू मेंबरपेज(४२) म्हटलं की आधी बेसपेजचा कन्स्ट्रक्टर पूर्ण चालतो आणि मगच मेंबरपेजची फील्डं भरली जातात. तुमची न्यूसाइडबार() पहिल्या टप्प्यात चालते, तेव्हा मेंबरआयडी नल असणारच. कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड बोलवायची नाही, हा नियम इथे जसाच्या तसा लागू होतो.

बेसपेजचं सगळं ॲड() काम कन्स्ट्रक्टरमधून काढून ऑनइनिशियलाइझ() मध्ये न्या. पानाचा कन्स्ट्रक्टर पूर्ण झाल्यावर विकेट ही मेथड एकदाच बोलावतो, तोवर सगळ्या पोटक्लासची फील्डं भरलेली असतात. पहिली ओळ सुपर.ऑनइनिशियलाइझ() असलीच पाहिजे. ती राहिली तर विकेट पान उघडायलाच नकार देतो आणि सुपर कुणी बोलावला नाही ते एररमध्ये सांगतो.

इथे एक बारीक खड्डा आहे. क्रम पाहा:

१. मेंबरपेज.ऑनइनिशियलाइझ() सुरू.
२. त्यातली पहिली ओळ सुपर, म्हणजे बेसपेज.ऑनइनिशियलाइझ() सुरू.
३. त्यातून न्यूसाइडबार() चालतं.
४. बेसपेजचं काम संपलं, आता मेंबरपेजच्या ऑनइनिशियलाइझ() ची दुसरी ओळ.

म्हणजे साइडबारला लागणारं मॉडेल तुम्ही मेंबरपेजच्या ऑनइनिशियलाइझ() मध्ये तयार करत असाल तर पायरी ३ ला ते पुन्हा नलच. वाटणी अशी ठेवा: कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त पॅरामीटर वाचायचे आणि मॉडेल बांधायची. कंपोनंट सगळे ऑनइनिशियलाइझ() मध्ये.

मॉडेलवरून आठवलं. मेंबरचं लोडेबलडिटॅचेबलमॉडेल एकच बांधा आणि तेच ऑब्जेक्ट साइडबारच्या पॅनेललाही द्या, मधल्या भागालाही द्या. एका रिक्वेस्टमध्ये ते एकदाच लोड होतं. दोन वेगळी मॉडेल केली तर तोच सभासद डेटाबेसमधून दोनदा येतो. आणि मेंबर ऑब्जेक्ट पानाच्या फील्डमध्ये ठेवू नका, आयडी ठेवा. पान सिरियलाइझ होऊन (बाइटमध्ये बदलून) पेजस्टोअरमध्ये, म्हणजे विकेटच्या पानांच्या साठ्यात, जातं, फील्डमधलं सगळं त्याच्यासोबत जातं. बेसपेजमधली अशी एक चूक ४० पानांना भोवते.

तिसरी अडचण: एका मार्कअपमध्ये विकेट:चाइल्ड एकच असू शकतो. इनहेरिटन्सला भोक एकच, बाकीची भोकं पॅनेलने करायची. बेसपेजच्या मार्कअपमध्ये बटणपट्टीच्या जागी डिव्ह विकेट:आयडी="टूलबार" ठेवा, जावात ॲड(न्यूटूलबार("टूलबार")). ही मेथड ॲबस्ट्रॅक्ट मात्र करू नका. ४० पैकी ३० पानांना पट्टी नसेल, तर ३० ठिकाणी रिकामी मेथड लिहावी लागेल. मूळ मेथडने एम्प्टीपॅनेल द्यावं आणि त्यावर सेटव्हिजिबल(फॉल्स) करावं. नुसतं एम्प्टीपॅनेल दिलं तर रिकामा डिव्ह पानात राहतो आणि त्याचं पॅडिंग पोकळ जागा सोडतं.

साइडबारच्या बाबतीत यातला एक धागा सीएसएसमध्ये जातो. लेआउट ग्रिडने केला असेल (डावा स्तंभ २२० पिक्सेल, उजवा १एफआर, म्हणजे उरलेली जागा) आणि ॲसाइड टॅग छापलाच गेला नाही, तर मधला मजकूर सरकून २२० पिक्सेलच्या स्तंभात जाऊन बसतो. साइडबार नसलेल्या पानांच्या बॉडीला वेगळा क्लास द्या आणि तिथे ग्रिडचा एकच स्तंभ ठेवा. नाहीतर मेनला ग्रिड-कॉलम नेमून द्या.

मजकुराच्या जागांसाठी पॅनेलचीही गरज नाही. पानाचं शीर्षक हे उत्तम उदाहरण. बेसपेजमध्ये टायटल टॅगला आयडी देऊन लेबल बांधा आणि त्याला मॉडेल म्हणून धिस::पेजटायटल द्या. विकेट ८ पासून आयमॉडेल फंक्शनल इंटरफेस आहे, म्हणून मेथड रेफरन्स चालतो. ही मेथड रेंडर होताना चालते, म्हणजे तोवर पान पूर्ण तयार असतं आणि अडचण २ इथे उद्भवतच नाही. पोटपानाने फक्त पेजटायटल() ओव्हरराइड करायची.

थोडक्यात ठोकताळा: मजकुराची जागा असेल तर मॉडेल, कंपोनंटची जागा असेल तर फॅक्टरी मेथड (न्यूटूलबार()सारखी, कंपोनंट बनवून देणारी) आणि पॅनेल, आणि पानाचा मुख्य ऐवज विकेट:चाइल्डमध्ये.

ओसरी

चौथ्या अडचणीबद्दल. सेटव्हिजिबल(फॉल्स) केलेला मेनू दिसत नाही, पण तो बांधला जातो, पानासोबत सिरियलाइझही होतो. आणि बेसपेजला सहावा कंपोनंट जोडला की पावतीच्या पानात तो लपवायची आठवण कुणाला तरी ठेवावी लागते. पावतीवर अनपेक्षित "लॉगआउट" छापून येतं ते यामुळेच.

बेसपेज दोन मजल्यांत फोडा:

स्केलेटनपेज: फक्त एचटीएमएल, हेड, टायटल, बॉडी आणि विकेट:चाइल्ड. दुसरं काही नाही.

ॲपपेज, स्केलेटनपेजमधून: याच्या मार्कअपमध्ये विकेट:एक्स्टेंड, त्यात हेडर, मेनू, साइडबार, टूलबार, फूटर आणि त्याचा स्वतःचा विकेट:चाइल्ड. एक्स्टेंडच्या आत पुन्हा चाइल्ड ठेवता येतो, मजले असेच चढतात.

प्रिंटपेज, स्केलेटनपेजमधून: संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, विकेट:चाइल्ड, सहीची जागा. याच्या हेडमध्ये छपाईची वेगळी सीएसएस फाइल. पावती ए५ असेल तर त्यात ॲट-पेजचा साइज ए५ लिहा, म्हणजे १४८ गुणिले २१० मिलिमीटर. नाहीतर ब्राउझर प्रिंटरचा नेहमीचा कागद, बहुधा ए४, धरतो आणि पावती कागदाच्या वरच्या अर्ध्यात येते.

लॉगिनपेजही थेट स्केलेटनपेजमधून.

याहून जास्त मजले नकोत. चौथ्या मजल्यावर "हे लेबल नक्की कुठल्या फाइलमध्ये आहे" हे शोधायला चार एचटीएमएल उघडावी लागतात.

मजले केले की एक नवीन एरर भेटेल: या आयडीचं मूल आधीच आहे. विकेट:चाइल्ड कंपोनंट झाडात कुठलाही मजला उभा करत नाही, सगळे मजले आपापले कंपोनंट त्याच एका पानाला ॲड करतात. ॲपपेजने "हेडर" वापरला आणि मेंबरपेजनेही "हेडर" वापरला की टक्कर. लेआउटच्या आयडींना एकच उपसर्ग लावून टाका, "लेआउटहेडर", "लेआउटमेनू". पोटपानं लिहिणाऱ्यांना मग काही लक्षात ठेवावं लागत नाही.

मेव्हनची (प्रोजेक्ट बांधायच्या साधनाची) एक गोष्ट. एचटीएमएल फाइली जावाच्या शेजारी एसआरसी/मेन/जावा मध्ये ठेवत असाल तर पॉममध्ये (मेव्हनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ती डिरेक्टरी रिसोर्स म्हणून नोंदवायला हवी, जावा फाइली वगळून. विकेटच्या क्विकस्टार्टमध्ये (सुरुवातीच्या तयार प्रोजेक्टमध्ये) हे आयतं असतं, लेआउट वेगळ्या मॉड्यूलमध्ये हलवताना राहून जातं. आणि हे स्वतः लिहिलंत की एसआरसी/मेन/रिसोर्सेस आपोआप धरली जात नाही, तीही त्याच यादीत लिहावी लागते.

ही चूक लेआउटमध्ये जास्त फसवते, कारण मेंबरपेजची एचटीएमएल सापडली नाही तर विकेट वरच्या क्लासची एचटीएमएल उचलतो. पान उघडतं, हेडर-फूटर दिसतात आणि मध्ये शुकशुकाट. पोटपानाने एखादा कंपोनंट ॲड केला असेल तर डेव्हलपमेंट मोडमध्ये तो रेंडर झाला नाही अशी तक्रार तरी येते. डिप्लॉयमेंट मोडमध्ये ती तपासणी बंद असते, पान गपचूप रिकामं येतं.

सांजवारा

कोडगाठ, ओसरी, दोघांचेही मनापासून आभार. स्केलेटन, ॲप आणि प्रिंट अशी तीन पायाची पानं केली, ॲड() सगळे ऑनइनिशियलाइझ() मध्ये नेले. चारही अडचणी सुटल्या, पावती ए५ वर बरोबर येते.

आता तीन नवे प्रश्न.

एक, स्केलेटनपेजच्या हेडमध्ये सीएसएसची लिंक सरळ टॅग म्हणून लिहिली आहे आणि मेनूच्या बटणावर ऑनक्लिक आहे. विकेट ८ वर असताना दोन्ही चालत होतं. ९ वर सीएसएस लागत नाही, बटणही ढिम्म.

दोन, एजॅक्सने फॉर्म सेव्ह केला की ॲपपेजमधलं फीडबॅकपॅनेल (संदेश दाखवणारी पट्टी) ताजं होत नाही. प्रत्येक बटणात टार्गेट.ॲड(फीडबॅक) लिहावं लागतंय.

तीन, शीर्षक, आकडेवारी आणि खाली बटणं अशी एक चौकट वीसेक पानांवर आहे. तिच्यासाठी पॅनेल की बॉर्डर?

कोडगाठ

पहिल्याचं कारण कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (सीएसपी), म्हणजे पानात काय चालू द्यायचं याचे ब्राउझरला दिलेले नियम. विकेट ९ पासून ती आपोआप चालू असते आणि कडक असते. स्टाइल आणि स्क्रिप्टसाठी नॉन्स लागतो, म्हणजे दर वेळी बदलणारं एक चिन्ह, जे सर्व्हरच्या उत्तराच्या हेडरमध्येही असतं आणि टॅगवरही. मार्कअपमध्ये हाताने लिहिलेल्या लिंकवर ते नसतं, म्हणून ब्राउझर ती फाइल नाकारतो. ऑनक्लिक आणि स्टाइल ही ॲट्रिब्यूट तर नॉन्स घेऊच शकत नाहीत. ब्राउझरचं कन्सोल उघडा, एकेक नाकारलेली ओळ लाल अक्षरात दिसेल.

सीएसएस स्केलेटनपेजच्या रेंडरहेड() मधून द्या: सीएसएसहेडरआयटम.फॉररेफरन्स(...). मग नॉन्स विकेट स्वतः लावतो. ऑनक्लिक काढून तोच कोड जेएस फाइलमध्ये न्या आणि तिथे बटणाला लिसनर जोडा. बाहेरच्या ठिकाणाहून देवनागरी फॉन्ट आणत असाल तर ॲप्लिकेशनच्या इनिट() मध्ये गेटसीएसपीसेटिंग्ज().ब्लॉकिंग() वर फॉन्ट-सोर्समध्ये तो पत्ता जोडा. फॉन्टची सीएसएसही बाहेरची असेल तर ती रेंडरहेड() मधून द्या. ब्लॉकिंग().डिसेबल्ड() ही ओळ नेटवर जागोजागी सुचवलेली दिसते. सभासदांचे पैशाचे तपशील दाखवणाऱ्या पोर्टलवर ती टाकू नका.

रेंडरहेड() वापरायला लागलात की क्रमही समजून घ्या. विकेट १.५ पासून हेडमधल्या वस्तू आधी मुलांच्या, मग पालकांच्या अशा येतात. म्हणजे साइडबार पॅनेलची सीएसएस आधी आणि स्केलेटनपेजची नंतर. दोन्हीकडे सारख्याच वजनाचे नियम असतील तर पायाभूत फाइल पॅनेलवर मात करते, जे आपल्याला उलटं हवं असतं. पॅनेलच्या सीएसएसरिसोर्सरेफरन्समध्ये गेटडिपेंडन्सीज() ओव्हरराइड करून पायाभूत फाइल तिथे नोंदवा, मग ती आधी येते आणि दोनदाही येत नाही. ती सगळ्यांच्याच आधी हवी असेल तर स्केलेटनपेजमध्ये प्रायॉरिटीहेडरआयटममध्ये गुंडाळून द्या. एका फाइलसाठी हा दुसरा मार्ग सोपा पडतो.

फीडबॅकसाठी ॲपपेजमध्ये ऑनइव्हेंट() ओव्हरराइड करा. प्रत्येक एजॅक्स रिक्वेस्टला विकेट एजॅक्सरिक्वेस्टटार्गेट हा इव्हेंटचा पेलोड (सोबतचा ऐवज) म्हणून पाठवतो. पेलोड त्या प्रकारचा असेल तर त्यात फीडबॅकपॅनेल ॲड करायचं, एवढंच. पॅनेलवर सेटआउटपुटमार्कअपआयडी(ट्रू) हवं. संदेश नसताना पॅनेल लपवत असाल तर त्याऐवजी सेटआउटपुटमार्कअपप्लेसहोल्डरटॅग(ट्रू), कारण पानात टॅगच नसेल तर एजॅक्स तो कुठे बदलणार? मोडलमधल्या फॉर्मचे संदेश मागच्या पानावर उमटायला लागले तर मोडलमध्येही आणि ॲपपेजमध्येही फेन्स्डफीडबॅकपॅनेल ठेवा.

उंबरठा

तिसऱ्या प्रश्नाला निःसंशय बॉर्डर. पॅनेलच्या पोटात काय आहे ते पॅनेलच्या फाइलमध्ये ठरलेलं असतं. तुमची चौकट ठरलेली आहे पण आतला ऐवज प्रत्येक पानाचा आहे आणि तो त्या पानाच्याच एचटीएमएलमध्ये लिहिलेला बरा. त्यासाठीच बॉर्डर आहे.

कार्डबॉर्डरच्या फाइलमध्ये विकेट:बॉर्डर, त्यात शीर्षकाचं लेबल आणि जिथे ऐवज यायचा तिथे विकेट:बॉडी. जावात शीर्षक ॲडटूबॉर्डर() ने जोडा. सगळ्यात जास्त चूक इथे होते. बॉर्डरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सवयीने ॲड() लिहिलं जातं आणि ॲड() १.५ पासून थेट बॉडीत टाकतं. मग शीर्षक बॉडीत, त्याचा टॅग बॉडीबाहेर, आणि पुन्हा तीच "सापडत नाही" एरर. वापरणाऱ्या पानाने मात्र कार्ड.ॲड(...) असंच लिहायचं.

खालची बटणं हे चौकटीतलं दुसरं भोक आहे. विकेट:बॉडी एकच, तेव्हा ते भोक पुन्हा फॅक्टरी मेथडने: न्यूॲक्शन्स(आयडी), मूळ उत्तर लपवलेलं एम्प्टीपॅनेल. दोन बटणांसाठी वेगळी पॅनेल फाइल करायचं जिवावर येत असेल तर फ्रॅगमेंट वापरा, त्याचं मार्कअप पानाच्याच फाइलमध्ये राहतं.

वरच्या चर्चेतल्या एका गोष्टीशी मी थोडा असहमत आहे. फॅक्टरी मेथड चांगल्या, पण ॲपपेजमध्ये त्या तीनपेक्षा जास्त झाल्या तर थांबा. न्यूसाइडबार, न्यूटूलबार, न्यूब्रेडक्रंब, न्यूहेल्प, न्यूफूटरनोट असं वाढत जातं आणि कुठल्या पानाने कुठली मेथड बदलली आहे हे कुणालाच सांगता येत नाही. त्या क्षणी टूलबार आणि मदत यांची बॉर्डर करून ती पानाच्या हाती द्यावी. पानाला हवी तर ते ठेवेल.

आणि लॉगिनपेज स्केलेटनपेजमधून काढलंत ते छान केलंत, पण स्केलेटनमध्ये भाषा बदलायची लिंक असेल तर ती साधी लिंक नको. साधी लिंक, साधा फॉर्म किंवा एजॅक्सलिंक यातलं एक जरी पानात असलं तरी पान स्टेटफुल होतं (सर्व्हरला ते लक्षात ठेवावं लागतं), सेशन सुरू होतो, पत्त्यात ?० लागतं. लॉगिनचं पान रात्रभर उघडं राहिलं की सकाळी सेशन संपलेलं असतं आणि पासवर्ड टाकल्यावर "पेज एक्स्पायर्ड" येऊ शकतं. स्टेटलेसलिंक, स्टेटलेसफॉर्म आणि बुकमार्केबलपेजलिंक एवढेच वापरा. मेनूतही बुकमार्केबलपेजलिंकच, आणि मेनूच्या यादीत पानांचे क्लास ठेवा, तयार केलेली पानं नको.

सांजवारा

बॉर्डर केली. ॲडटूबॉर्डर()ची सूचना आधी मिळाली नसती तर तिथेच अडकलो असतो. ऑनइव्हेंट()मुळे जवळजवळ सगळ्या बटणांतून ती एक ओळ निघाली.

शेवटचं एक. पोर्टल मराठी आणि इंग्रजी दोन्हीत हवं. ॲपपेज_एमआर.प्रॉपर्टीज ही मराठी मजकुराची फाइल केली, पण पानावर "सभासद"च्या जागी à अक्षरांची माळ येते. लेआउटच्या दोन एचटीएमएल ठेवाव्यात का, ॲपपेज_एमआर.एचटीएमएल अशी?

ओसरी

दोन एचटीएमएल ठेवू नका. विकेट त्या उचलतो हे खरं, पण उद्या साइडबारची रचना बदलली की बदल दोन ठिकाणी करावा लागेल आणि एक ठिकाण राहून जाईल. लेआउट एकच, मजकूर तेवढा प्रॉपर्टीजमधून. मेनूच्या स्थिर शब्दांसाठी जावात लेबलही नको, मार्कअपमध्ये विकेट:मेसेज की="मेनू.सभासद" पुरतं. किल्ली आधी मेंबरपेजच्या फाइलमध्ये, मग ॲपपेजच्या, मग स्केलेटनपेजच्या, शेवटी ॲप्लिकेशनच्या फाइलमध्ये शोधली जाते. म्हणून "पेज.टायटल" ही एकच किल्ली सगळ्या पानांत ठेवा आणि पेजटायटल() मध्ये गेटस्ट्रिंग("पेज.टायटल"). ज्या पानाने ती दिली नाही त्याला ॲपपेजचं शीर्षक मिळतं आणि मेथड ओव्हरराइड करायचीही गरज उरत नाही.

अक्षरांच्या माळेचं कारण: नुसती .प्रॉपर्टीज फाइल विकेट आयएसओ-८८५९-१ धरून वाचतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, मात्रेलाही, तीन बाइट लागतात. ते तीन वेगळी लॅटिन अक्षरं म्हणून वाचले जातात आणि पहिला बाइट दर वेळी à होतो. फाइलचं नाव ॲपपेज_एमआर.यूटीएफ८.प्रॉपर्टीज करा, आतला मजकूर तसाच राहू द्या. जुनी फाइल काढून टाका, दोन्ही शेजारीशेजारी ठेवू नका. एचटीएमएल फाइलींसाठी इनिट() मध्ये गेटमार्कअपसेटिंग्ज().सेटडीफॉल्टमार्कअपएन्कोडिंग("यूटीएफ-८") लिहा. तुमच्या जावा १७ वर ते न लिहिल्यास यंत्राचं एन्कोडिंग धरलं जातं, म्हणून तुमच्याकडे बरोबर आणि सर्व्हरवर चूक असं होऊ शकतं.

एचटीएमएल टॅगचं लँग ॲट्रिब्यूटही सेशनच्या लोकॅलप्रमाणे (निवडलेल्या भाषेप्रमाणे) बदलायला हवं, स्क्रीनरीडर त्यावरूनच उच्चार ठरवतो. त्या टॅगला ट्रान्सपरंटवेबमार्कअपकंटेनर आणि ॲट्रिब्यूटमॉडिफायर.रिप्लेस("लँग", मॉडेल). मेनूची लाइन-हाइट इंग्रजीच्या हिशेबाने १.१ ठेवलेली असेल आणि ओव्हरफ्लो हिडन असेल तर "नोंदी"मधला अनुस्वार आणि "ठेवी"वरची मात्रा कापली जाते. १.५ करा आणि "सर्व कर्जे" हे दोन शब्द मेनूत टाकून पाहा, रफार आणि मात्रा दोन्ही एकदम तपासल्या जातात.

एवढं झालं की विकेटटेस्टरने (विकेटच्या चाचणी साधनाने) एक चाचणी लिहा: ॲपपेजमधून निघालेलं प्रत्येक पान आधी मराठी, मग इंग्रजी लोकॅलने स्टार्टपेज() करायचं आणि असर्टरेंडर्डपेज() पाहायचं. लेआउटमध्ये एखादा आयडी बदलला तर ४० पैकी कुठलं पान मोडलं ते बिल्डमध्येच कळतं, आणि हरवलेली किल्लीही त्याच फेरीत सापडते.